पैसे कापले गेले, पावती निघाली नाही: ऑनलाइन फी अडकते तेव्हा काय तपासायचं

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संलग्न महाविद्यालयाच्या लेखा विभागात काम करते. तीन पानी चलनाचा काळ मी खिडकीच्या आत बसून पाहिला आहे. एक पान बँकेला, एक आम्हाला, एक विद्यार्थ्याला, आणि तिन्हींवर शिक्का. मग प्रवेश फी, परीक्षा फी, पात्रता फी, हॉस्टेल, पदवी प्रमाणपत्र असं सगळं एकेक करत पोर्टलवर गेलं. बँकेसमोरच्या रांगा संपल्या ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्याच वर्षापासून एक तक्रार दर प्रवेशाला, दर परीक्षा फॉर्मला न चुकता येते: "मॅडम, पैसं गेलं, पन पावती न्हाई आली."

गेल्या काही वर्षांत अशी शेकडो प्रकरणं मी हाताने सोडवली आहेत. त्यातून जे कळलं ते विद्यार्थी, पालक आणि माझ्यासारखे कारकून या सगळ्यांसाठी लिहिते आहे. पैसे सहसा बुडत नाहीत, कुठेतरी थांबलेले असतात. कुठे थांबलेत ते शोधणं हेच खरं काम, आणि त्यासाठी जागा तीनच आहेत: तुमची बँक, मधला पेमेंट गेटवे (बँकेकडून पैसे घेऊन संस्थेपर्यंत पोचवणारी ऑनलाइन सेवा), नाहीतर विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं पोर्टल.

आधी लक्षणं ओळखा

वरवर सगळ्यांची तक्रार एकच वाटते, पण प्रकार वेगवेगळे असतात.

बँकेचा मेसेज आला, खात्यातून रक्कम गेली, पण पोर्टलवर अजून "पे नाऊ" दिसतंय. हा सर्वांत जास्त येणारा प्रकार.

पोर्टलवर "पेंडिंग", "अवेटेड" किंवा "इनिशिएटेड" असं लिहून आलं आहे आणि तासन् तास ते बदलत नाही.

पोर्टल "फेल्ड" म्हणतं, बँक "डेबिटेड" म्हणते.

पावती निघाली, पण दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्या वर्षाची किंवा दुसऱ्याच हेडखाली, म्हणजे फीच्या दुसऱ्याच प्रकारात.

एनईएफटीने पैसे पाठवले, दोन दिवस झाले, पोर्टलला पत्ताच नाही.

आणि शेवटचा, दोनदा पैसे गेल्याचा. हा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात घाई केल्यामुळे तयार होतो.

काहीही करण्याआधी: पुन्हा भरू नका

हे मी वेगळं लिहिते आहे कारण सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी एक वडील आले होते. उसाचं बिल खात्यावर जमा झालं त्याच दिवशी त्यांनी मुलीची फी भरली. पावती आली नाही. मुदत संपेल या भीतीने त्यांनी शेजाऱ्याकडून उसने घेऊन अर्ध्या तासाने पुन्हा भरली. दुसऱ्या वेळी पावती आली. पहिलीही रक्कम रात्री "सक्सेस" झाली. आता जादा रक्कम परत करायची तर अर्ज, प्राचार्यांची मंजुरी, मग परतावा. शेजाऱ्याचे पैसे त्यांना त्याआधीच द्यावे लागले. पासबुक उघडून दोन्ही नोंदींवर बोट ठेवून ते उभे होते, तो हात मला अजून दिसतो.

म्हणून पहिल्या व्यवहाराचा निकाल लागेपर्यंत दुसरा करू नका. मुदतीची काळजी असेल तर त्यावर उपाय आहे, तो शेवटी सांगते.

पहिली तपासणी: थांबा, मग नव्याने लॉगिन करा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास ते दोन तास. कारण समजून घेतलं तर हे थांबणं सोपं जातं.

तुम्ही पिन टाकल्यावर बँकेने होकार दिला की गेटवेकडून पोर्टलला दोन वाटांनी निरोप जातो. एक तुमच्याच मोबाइलच्या ब्राउझरमधून, म्हणजे ते "कृपया बॅक दाबू नका, पान रिफ्रेश करू नका" असं लिहिलेलं पान फिरून परत येतं ती वाट. दुसरी गेटवेच्या सर्व्हरकडून थेट पोर्टलच्या सर्व्हरकडे. एसटीत बसून फी भरली आणि घाटात रेंज गेली, यूपीआय ॲपमध्ये "सक्सेस" बघून ब्राउझरकडे परत न जाता फोन खिशात ठेवला, कंटाळून बॅक दाबलं, की पहिली वाट तुटते. मग दुसरी वाट सावरून घेते. तीही त्या क्षणी तुंबलेली असेल तर पोर्टल ठरावीक वेळाने गेटवेला स्वतः विचारतं की या व्यवहाराचं काय झालं. शेवटच्या तारखेला सगळं विद्यापीठ एकाच वेळी पोर्टलवर असतं, तेव्हा ही विचारणा मागे पडते.

तेव्हा जुनं पान उघडं ठेवून रिफ्रेश मारत बसू नका. लॉगआउट करा, शक्यतो दुसऱ्या ब्राउझरमध्ये नव्याने लॉगिन करा आणि "पेमेंट हिस्टरी" किंवा "ट्रान्झॅक्शन" पान बघा. स्टेट बँक कलेक्टवरून फी घेणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. तिथेही "पेमेंट हिस्टरी"त माहिती भरून जुनी पावती पुन्हा काढता येते आणि तिचा संदर्भ क्रमांक "डीयू" या अक्षरांनी सुरू होतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांची पावती तिथे आधीच तयार असते, फक्त ती त्या वेळी पडद्यावर आलेली नसते.

दुसरी तपासणी: पैसे खरंच गेलेत का?

मेसेजवर विसंबू नका. बँकेच्या ॲपमधलं स्टेटमेंट बघा, नाहीतर पासबुकवर प्रिंट मारून घ्या. कित्येकदा रक्कम गेल्याचा मेसेज येतो आणि काही मिनिटांनी तीच रक्कम उलट जमा झाल्याची नोंद असते, तिचा मेसेज मात्र येत नाही. कार्डाच्या बाबतीत रक्कम नुसती रोखून धरलेली असते, शिल्लक कमी दिसते, पण पक्की नोंद पडलेली नसते.

रक्कम परत आली असेल तर प्रश्न मिटला, निर्धास्तपणे पुन्हा भरा.

रक्कम गेलीच नसेल आणि व्यवहार सारखा फसत असेल तर मर्यादा तपासा. शिक्षणसंस्थांना यूपीआयने भरायची मर्यादा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर नेली. पण तुमची बँक, तुमचं ॲप आणि संस्थेची शिक्षण या वर्गात झालेली नोंद हे तिन्ही जुळलं तरच ती मिळते. नवा फोन घेतला किंवा सिम बदललं तर सुरुवातीला मर्यादा बरीच खाली असते. अशा वेळी नेट बँकिंगने भरा.

तिसरी तपासणी: योग्य क्रमांक शोधा

खिडकीवर मुलं मोबाइल पुढे करतात आणि हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट दाखवतात. त्या टिकेवरून मला काहीच शोधता येत नाही. मला क्रमांक लागतो.

यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो, त्यात फक्त आकडे असतात. काही ॲपं त्याला "यूटीआर" म्हणतात, काही "यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी". त्याच पानावर ॲपचा स्वतःचा एक लांबलचक, अक्षरं असलेला क्रमांकही असतो, त्याचा मला उपयोग नाही. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२. याशिवाय पोर्टलने तुमच्या व्यवहाराला दिलेला ऑर्डर क्रमांक, तो ईमेलवर किंवा हिस्टरीत सापडतो.

बँकेचा क्रमांक बँकेला कळतो, ऑर्डर क्रमांक पोर्टलला कळतो, आणि दोन्ही एकत्र फक्त गेटवेकडे असतात. म्हणून दोन्ही आणलेत तर काम पाच मिनिटांचं, एकच आणलात तर कधीकधी अख्खा दिवस जातो. स्क्रीनशॉटवरून आकडे उतरवून घेताना कागदावर चार-चारचे गट करा, बारा अंकांत एक अंक हमखास चुकतो.

चौथी तपासणी: कुणाच्या नावावर भरलंय?

फॉर्म तुम्ही स्वतः भरला की कॅफेत? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. कॅफेत एकामागून एक मुलांची फी भरली जाते. आधीच्या मुलाचं लॉगिन तसंच उघडं राहतं आणि तुमचे पैसे त्याच्या पीआरएनवर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावर, जमा होतात. त्याची पावती निघते, तुमची नाही. घरातही हे होतं, एकाच फोनवरून दोघी बहिणींची फी भरली की धाकटीची थोरलीच्या खात्यात जाते. किंवा दुसऱ्या वर्षाऐवजी पहिल्या वर्षाच्या बॅकलॉगचं हेड निवडलेलं असतं.

त्या दिवशी त्याच फोनवरून, त्याच कॅफेतून आणखी कुणाची फी भरली ते आठवा आणि त्यांच्या लॉगिनमध्ये बघायला सांगा. पैसे चुकीच्या पीआरएनवर गेले असतील तर दोन्ही विद्यार्थ्यांच्या सहीने अर्ज द्या, आम्ही रक्कम वळती करतो. मात्र फॉर्म मंजूर होऊन पुढे गेला की हे काम विद्यापीठाच्या हातात जातं आणि वेळ लागतो. म्हणून उशीर करू नका.

रक्कम पाच-पन्नास रुपयांनी जास्त गेली म्हणून घाबरणारेही असतात. ते बहुधा गेटवेचं सेवाशुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी असतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या फीवर जीएसटी नाही, पण या शुल्कावर आहे. ते कॉलेजकडे येत नाही, त्यामुळे पावतीवर दिसत नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे. भरताना हे पर्याय आधी निवडले तर तो खर्च सहसा वाचतो.

पाचवी तपासणी: एनईएफटीने पाठवलं असेल तर

काही पोर्टलं प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, प्रत्येक चलनासाठी वेगळा आभासी खातेक्रमांक तयार करतात. त्या क्रमांकावरूनच पैसे कुणाचे ते पोर्टलला कळतं. चूक अशी होते: मागच्या वर्षी बँकेच्या ॲपमध्ये तो लाभार्थी म्हणून जतन केलेला असतो आणि यंदा त्याच जुन्या क्रमांकावर पैसे पाठवले जातात. नाव कॉलेजचंच दिसतं, त्यामुळे शंका येत नाही. पण ते चलन बंद झालेलं असतं.

दुसरी चूक रकमेची. चलन २३,४७० रुपयांचं, पाठवले २३,५००. अनेक पोर्टलं रुपयाचाही फरक झाला की रक्कम परत पाठवतात.

म्हणून यंदाचं चलन उघडून खातेक्रमांक एकेक अंक जुळवा, आयएफएससी कोड ११ अक्षरांचा आहे आणि पाचवं अक्षर शून्यच आहे, "ओ" नाही, हे बघा, आणि रक्कम तंतोतंत पाठवा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच जाते. तेव्हा "रविवार होता म्हणून अडकलं असेल" हे कारण आता उरलेलं नाही. संध्याकाळपर्यंत पैसे परतही आले नाहीत आणि चलनही "पेड" झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी यूटीआर घेऊन लेखा विभागात या.

सहावी तपासणी: ही आमची, म्हणजे ऑफिसची

इथून पुढचं लेखा विभागातल्या सहकाऱ्यांसाठी.

विद्यार्थ्याने क्रमांक दिल्यावर पहिली चूक होते ती बँक स्टेटमेंटमध्ये त्याची रक्कम शोधत बसण्याची. ती तिथे सापडणार नाही. गेटवे दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांची मिळून एकच रक्कम, सहसा पुढच्या एक-दोन कामाच्या दिवसांत जमा करतो, आणि त्यातून परतावे वजा केलेले असतात. म्हणून आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर ऑर्डर क्रमांक टाकून स्थिती बघा, मग सेटलमेंट फाइल (त्या एका रकमेत कोणकोणते व्यवहार आहेत त्याची गेटवेची यादी) उघडा, आणि शेवटी त्या फाइलची बेरीज स्टेटमेंटशी लावा. ताळमेळ तीन याद्यांचा असतो: पोर्टलच्या पावत्या, गेटवेची फाइल, बँकेचं स्टेटमेंट. दोनच लावल्या तर भोक कुठे आहे ते कळत नाही.

एक्सेलबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की १२ अंकी संदर्भ क्रमांक ४.१२ई+११ असा दिसू लागतो. तो निदान रकाना रुंद करून आणि फॉरमॅट बदलून परत आणता येतो. पण एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त १५ अंक जपतं. जिथे पीआरएन १६ अंकी आहे तिथे शेवटचा अंक शून्य होतो, कायमचा. मग लागोपाठचे दहा विद्यार्थी एकाच पीआरएनचे दिसतात आणि व्हीलुकअप हे एक्सेलचं शोधसूत्र पहिल्याच्या नावावर सगळं टाकतं. आमच्याकडे एकदा एका वर्गाच्या पावत्या अशाच एकमेकांत गेल्या. चूक शोधायला मला दोन दिवस लागले. फाइल डबल क्लिकने उघडू नका. "डेटा" टॅबमधून आयात करा आणि क्रमांकांचे रकाने "टेक्स्ट" म्हणून निवडा.

गेटवेवर "सक्सेस" आणि पोर्टलवर "पेंडिंग" असेल तर बहुतेक पोर्टलांच्या ॲडमिन पानावर स्थिती पुन्हा विचारण्याचं बटण असतं. ते दाबा. हाताने पावती करणं हा शेवटचा उपाय, आणि तो फक्त सेटलमेंट फाइलमध्ये व्यवहार दिसल्यावरच. मी एकदा एका मुलाची दया येऊन स्क्रीनशॉटवर पावती करून दिली. व्यवहार अपुरा होता. पाचव्या दिवशी रक्कम आपोआप त्याच्या खात्यात परत गेली, आणि किर्दीत पावती होती पण पैसे नव्हते. त्याचा काही दोष नव्हता, त्याने लगेच भरलेही. पण तो नियम मी मोडायला नको होता.

३१ मार्चच्या रात्री भरलेली फी एप्रिलमध्ये खात्यावर येते. पावतीची तारीख व्यवहाराचीच ठेवा आणि रक्कम वर्षअखेरीला येणे म्हणून दाखवा, म्हणजे लेखापरीक्षणात तोच प्रश्न पुन्हा येत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

विद्यार्थ्यांनो, गेटवेवर किंवा पोर्टलच्या हिस्टरीत "सक्सेस" दिसतंय आणि पावती नाही, तर तुमचं काम संपलं. दोन्ही क्रमांक लेखा विभागाला द्या. बँकेत तक्रार करू नका, कारण बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालेला आहे आणि तिथे तुमचा वेळच जाईल.

व्यवहार अपुरा राहिला आणि रक्कमही परत आली नाही, तर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक तुमच्या बाजूने आहे. कार्डाने किंवा यूपीआयने संस्थेला भरलेले पैसे कापले गेले आणि संस्थेला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपोआप परत करायचे आहेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. पाच दिवस झाले की तुमच्या बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

मदतीसाठी इंटरनेटवर शोधून सापडलेल्या "कस्टमर केअर" नंबरवर फोन करू नका. नंबर बँकेच्या पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, आणि स्क्रीन दाखवणारं ॲप तर मुळीच लागत नाही. कुणी ते मागितलं आणि पैसे गेले तर कॉलेजला येण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे पहिल्या तासाला फार किंमत आहे.

सहकाऱ्यांनो, एकाच दिवशी तिघा-चौघांची तीच तक्रार आली तर एकेकाचं प्रकरण सोडवणं थांबवा. दोष व्यवहारात नाही, यंत्रणेत आहे. सर्व्हरचं प्रमाणपत्र संपलेलं असतं, गेटवेने पत्ता बदललेला असतो किंवा थेट निरोपाची वाट बंद पडलेली असते. ते आपल्या हातचं काम नाही. पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला चार-पाच ऑर्डर क्रमांक, वेळा आणि स्थितीसह ईमेल करा, फोन नुसता आठवणीसाठी. डेटाबेसमध्ये थेट "पेड" करून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, त्या बदलाचा माग पुढे कुणालाच काढता येत नाही. आणि कुलसचिवांच्या किंवा प्राचार्यांच्या सहीने सूचना लावून घ्या: अमुक तारखेला पैसे गेलेल्यांनी पुन्हा भरू नये, त्यांना लेट फी लागणार नाही. ही सूचना जितकी लवकर लागेल तितके कमी लोक उसनवारी करतील.

मुदत आज संपत असेल तर

त्याच दिवशी, ऑफिस बंद होण्याआधी, एक साधा अर्ज द्या. नाव, पीआरएन, वर्ग, फीचं हेड, रक्कम, भरल्याची तारीख आणि वेळ, कोणत्या बँकेतून, १२ अंकी संदर्भ क्रमांक, पोर्टलचा ऑर्डर क्रमांक. सोबत स्टेटमेंटच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. येणं शक्य नसेल तर हाच मजकूर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि शिक्क्याखाली आवक क्रमांक व तारीख हाताने लिहिली आहे ना, ते खिडकी सोडण्याआधी बघा.